चलत माहेराक

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोहिमेवर जाणारी माणसं लिहितात. मी मोहिमेवर जाणार आहे. कॅप्टन म्हणून.

मोहीम अशी. आमचा आजो, नाव फॉस्टिन, वय एकाहत्तर, मालवणहून गोव्यात हळदोण्याला चालत जाणार. हळदोणे आजीचं माहेर. आजी, म्हणजे फेलिसिदाद, गेल्या डिसेंबरात वारली. आजोशी भांडण झालं की ती खुंटीवरची काळी छत्री काढायची आणि म्हणायची, बस झाला, मी चलत माहेराक जातंय! आणि खरंच निघायची. दिवेलागणीला परत. कुठे गेली होतीस, असं कोणी विचारलं नाही. आजोने तर नाहीच.

काल संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपल्यावर आजो म्हणाला, तिका येकदाव सोडूक गेलंय नाय. आता जातलंय. वर्साच्या मिसाक हळदोण्याक पोचतलंय, चलत. (मिस म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आजीच्या वर्षश्राद्धाची.)

मम्मी म्हणाली, एकले जावचा नाय, क्लाइव्हाक न्हेवा. म्हणजे माझी निवड झाली. निवडीला दुसरं कोणी घरात नव्हतं, हा भाग वेगळा.

फेबी (बहीण, आठवी, तोंड फार) म्हणाली, ह्यो? ह्यो पाव हाडूक जाता तर अर्धो पाव वाटेर खाता.

दुर्लक्ष केलं.

५ नोव्हेंबर
मम्मीने अट घातली. मोहीम पुरी केली तर वर्षभर ती मला काही बोलणार नाही. ह्याव अर्ध्यार सोडलंस तर अजयच्या चिकन सेंटरात उभो ऱ्हवतलंस, म्हणाली. अजयदादा शेजारीच राहतो. त्याने लगेच होकार दिला. ॲप्रन आसा, म्हणाला.

मला रक्त बघवत नाही. आणि काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. दोन्हीतलं वाईट काय ते ठरवायला वेळ लागेल. पण ठरवायची गरज नाही, मी पुरी करणार.

मम्मीच्या मते मी सगळंच अर्ध्यावर सोडतो. साफ खोटं. प्रत्येकाला कारण होतं. शाळा नववीत सोडली, कारण उभं राहून मोठ्याने वाचायला लावत, ते माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मोबाईल रिपेअरिंग सोडलं, कारण गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. स्कूबाच्या बोटीवर टुरिस्टना 'डोन्ट पॅनिक' म्हणायचं काम होतं. मी म्हणेपर्यंत ते पाण्यात असायचे. आणि पॅनिक.

१० नोव्हेंबर
ट्रेनिंग सुरू. पहाटे पाचला उठून रॉक गार्डनपर्यंत चालणे.

सव्वाआठला उठलो. सुरुवातीला शरीराला धक्का देऊ नये असं यूट्यूबवर आहे. आजो पाचला गेला आणि बांगडे घेऊन आला. त्याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. त्याला बाजार म्हणतात.

१४ नोव्हेंबर
कॅप्टनला शिट्टी लागते. स्टेशनरीच्या दुकानात गेलो. बराच वेळ उभा होतो. दुकानदार म्हणाला, काय व्हया रे? मी म्हणालो, पेन. उद्या परत जाईन.

१५ नोव्हेंबर
आता दोन पेनं आहेत.

१६ नोव्हेंबर
शिट्टी फेबीने आणली. म्हणाली, फू करूक तरी येता मरे तुका?

२१ नोव्हेंबर
आजोची काळजी वाटते. उठताना त्याचे गुडघे कुरमुरे खाल्ल्यासारखे वाजतात. माझ्या अंदाजाने कुडाळपर्यंत टिकेल, पुढे नाही. मग त्याला एसटीत बसवायचं आणि मी एकट्याने मोहीम पुरी करायची. हळदोण्याला आजीचा भाऊ ब्लेझमामा असतो. दार वाजवायचं आणि म्हणायचं, आजो थकलो, पण मी इलंय.

आरशासमोर प्रॅक्टिस केली. दार लावून. आवाज आला. थोडा.

दार वाजवण्याचं अजून बघायचं आहे. मिस्ड कॉल देता येईल.

२६ नोव्हेंबर
सावंतवाडीला जाऊन स्पोर्ट्स शूज आणले. पांढरे. एक नंबर लहान आहेत. दुकानदाराने विचारलं, फिट आसत? मी हो म्हणालो. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं होतं, मग कसं सांगणार? चालून चालून सैल होतील.

आजो रबरी चपलांवर जाणार. समजावून सांगितलं की लांबच्या चालीत बुटाचं महत्त्व असतं. तो म्हणाला, व्हय काय?

३ डिसेंबर
उद्या निघायचं. ट्रेनिंगचा आढावा: रॉक गार्डन, एकदा. सायकलने. पण मनाची तयारी पूर्ण आहे, आणि लांबच्या चालीत मनच चालतं.

४ डिसेंबर, गुरुवार, पहाट
आजोने आजीच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली. छातीवर क्रूसाची खूण केली. मग खुंटीवरची छत्री घेतली आणि फोटोला म्हणाला, चल गो, फेलिसिदाद. सोडतंय तुका.

डिसेंबरात छत्री! विनाकारण वजन. कॅप्टन म्हणून बोलायला हवं होतं, पण मम्मी रडत होती.

तोच दिवस, कुंभारमाठ
चढ. आजो पुढे आहे. कॅप्टनने मागे राहून टीमवर लक्ष ठेवायचं असतं.

तोच दिवस, पुढे कुठेतरी
बूट सैल झालेले नाहीत. टीम दिसत नाही.

शिट्टी वाजवली. एका आजीबाईने दगडी गडग्यावरून डोकं काढून विचारलं, कोंबे हाकतंस काय रे? मान हलवली. हो की नाही ते तिचं तिने ठरवावं.

तोच दिवस, दुपार, चौके
आता नीट लिहितो, कारण वेळ आहे.

चौक्याच्या तिठ्यावर एक छोटं हॉटेल, बाहेर फणसाखाली बाकडं. आजो तिथे बसला होता. मी पोचलो तेव्हा त्याचा एक चहा झालेला. मी बूट काढले. मोजे बघितले. परत बघितले नाहीत.

हॉटेलवाली बाई, शेवंती नावाची, दुसरा चहा घेऊन आली आणि छत्रीकडे बघत राहिली. म्हणाली, ही छत्री फेलिसिदादबायची नाय?

आजो म्हणाला, तू कशी वळाखतंस?

ती म्हणाली, वळाखतंय म्हणजे? वर्साक दोन-तीन फेरे ठरलेले तिचे. मालवणसून चलत येय. ह्याच बाकड्यार बसा. छत्री ह्या फांदयेर टांगी, भजी खाय, च्या पिय, नवऱ्याक गाळी घाली आणि तीनच्या येस्टीन घराक जाय. औंदा इली नाय. बरी आसा मा?

आजो म्हणाला, गेली. वरीस जाला.

शेवंती म्हणाली, गे माझे आये! आणि मटकन समोरच्या बाकड्यावर बसली. आतून कोणीतरी भजी मागत होतं. तिने दिली नाहीत.

थोड्या वेळाने आजोने विचारलं, फुडे कधी गेली नाय? हळदोण्याक?

ती म्हणाली, इचारी मी. तर म्हणा, फुडे गेलंय तर तो थंय उपाशी ऱ्हवतलो. तेका पेजसुदा करूक येणा नाय.

आजो म्हणाला, येता माका पेज.

शेवंती म्हणाली, अगोदर कळता तर आणखी लांब गेली असती.

आजो हसला. मग म्हणाला, आणि गाळी? खंयची घाली?

शेवंती म्हणाली, तां हयसर सांगूचा नाय. हॉटेल आसा, गिऱ्हाइका बसली हत. आणि तुमीच तो नवरो मां? मगे तुमका पाठ असतलीच.

 चहावर साय आली. मी आत्ताच थांबण्याचा निर्णय घ्यावा का याचा विचार करत होतो. माझ्यासाठी नाही, टीमचं वय बघता.

तेवढ्यात आजो म्हणाला, म्हणजे हयसून फुडची वाट तिणा चलत बघलीच नाय. आणि उठला.

मी बूट घालायला घेतले. आत जाईनात. एक पाय जोर लावून घातला, तो मग बाहेर येईना. मी सुचवलं की मुक्काम इथेच करावा. आजोने माझ्या पायाकडे बघितलं. ओरडला नाही. म्हणाला, तू तीनच्या येस्टीन जा. आजयेन बाकडा राखून ठेवल्यान तुज्यासाठी.

आणि निघाला. शूर माणसाला निरोप द्यावा म्हणून मी शिट्टी वाजवली. त्याने मागे न बघता छत्री वर केली. नेरूरपारकडच्या वळणावर दिसेनासा झाला. शेवंतीने न मागताच माझ्यासमोर भजी आणून ठेवली.

तोच दिवस, एसटीत
विचार केला. ही मोहीम कोणाच्या आठवणीत? आजीच्या. आजी काय करायची? चौक्यापर्यंत चालायची, भजी खायची, तीनच्या एसटीने घरी जायची. मी काय केलं? तंतोतंत तेच. म्हणजे आजीची खरी यात्रा मीच पुरी केली. आजो नियमाबाहेर चालला आहे.

मम्मीला हा मुद्दा पटेल. एसटीत तीनदा मनात म्हणून बघितला.

५ डिसेंबर
मुद्दा सांगितला. मम्मी डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, आजयेर गेलंस रे, झिला. कौतुक आहे असं समजून मी वाट बघत होतो. तर म्हणाली, बुधवारपासून अजयकडे.

फेबी 'चौके, चौके' करत घरभर नाचली.

हरकत नाही. मार्गशीर्ष चालू आहे. हिंदू लोक चिकन खाणार नाहीत. अजयदादा दुकान बंदच ठेवेल.

७ डिसेंबर
आजोचा फोन. बांद्याला पोचला. इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसाने विचारलं, खंय चाललास? आजो म्हणाला, बायलेक माहेराक न्हेतंय. पोलिसाने त्याच्या मागे बघितलं. कोणी नव्हतं. मग छत्री धरली होती तिकडे बघितलं, आणि म्हणाला, जावा, सावकास.

मम्मीने विचारलं, गुडघे? आजो म्हणाला, वाजतत. तेवडीच सोबत.

८ डिसेंबर
रात्री हळदोण्याहून फोन, स्पीकरवर. पोचला. ब्लेझमामा बोलत होता. म्हणाला, फॉस्टिन दारात आयलो आनी म्हणूंक लागलो, तुजे भयणीक हाडल्या रे, उशीर जालो.  आजोने फोन घेतला आणि सांगितलं, छत्री हयसर ठेवलंय. तिच्या आयेच्या खोलयेत.

मम्मी फोन बंद झाल्यावरही तो हातात धरून उभी होती. मी शिट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली.

नंतर फेबी आजोशी परत फोनवर बोलली. तिने सांगितलं की ब्लेझमामाने विचारलं होतं, बरोबर कोण होतो? आजो म्हणाला, कॅप्टन होतो. चौक्यापर्यंत.

१० डिसेंबर, बुधवार
मार्गशीर्षाचा अंदाज थोडा चुकला. लोक गुरुवार पाळतात. म्हणून बुधवारी दोन दिवसांचं खाऊन घेतात. दुकानासमोर ही रांग!

अजयदादा म्हणाला, तू फक्त इचार, करी कट की बिर्याणी कट. बाकी मी बघतंय. सोपं आहे. पाच शब्द. सकाळी आरशासमोर म्हणालो होतो.

पहिली बाई पुढे आली. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, तू फॉस्टिनाचो नातू मरे? चौक्यासून परत इलेलो? एसटीचा कंडक्टर तिचा भाचा निघाला.

रांग हसली. अजयदादा पण हसला. ॲप्रनवर शिंतोडा उडाला. मी ओरडलो, करी कट की बिर्याणी कट? इतक्या मोठ्याने की पलीकडचा रिक्षावाला म्हणाला, माका नको.

बाई म्हणाली, अर्धो. अर्ध्याचीच सवय तुका.

संध्याकाळी घरी येऊन मम्मीला मोठ्याने सांगितलं, बस झाला, मी चलत चौक्याक जातंय! चपला घातल्या. छत्रीसाठी हात वर केला. खुंटी रिकामी.

हात तसाच वर राहिला. मम्मी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, उद्या गुरुवार, दुकान बंद. परवा सातक जा.