फेलिसाचे बारा फोटो

चाल्यापाता,
गुरुवार, २० ऑक्टोबर १९८८

प्रिय निका,

ताईचे तुला खूप आशीर्वाद. कोचाबाम्बात आता गरम व्हायला लागलं असेल. इथे वाऱ्याने परवा मागच्या खोलीचा पत्रा उडवून शेजारच्या मेंढ्यांत नेऊन टाकला. मेंढ्या ठीक आहेत. मीही ठीक आहे, गुडघा तेवढा दुखतो. तुझ्यासाठी सुकवलेल्या बटाट्यांचं पोतं बसवाल्याकडे दिलंय, उतरवून घे.

हे सगळं मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन पत्रं इथपर्यंत आली आणि फाडली.

मंगळवारी मी तो मोठा कॅमेरा पेटीतून काढला. फेलिसाच्या वेळचा. त्या जूननंतर त्याला हात लावला नव्हता; फोटोच्या दुकानातलं रोजचं काम लहान कॅमेऱ्यावर भागतं. पण शाळेला भिंतीवर लावायला शेवटच्या वर्गाचा मोठा फोटो हवाय. म्हटलं, रोल घालण्याआधी एकदा तपासून बघावं.

तुला आठवत असेल, त्याला दोन भिंगं आहेत, एकाखाली एक. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. मी मागचं झाकण उघडलं, कॅमेरा रिकामाच खिडकीकडे धरला आणि मागून खालच्या भिंगाला डोळा लावून बटण दाबलं. शटर उघडलं की उजेड क्षणभर चमकून जातो. खट् झालं. उजेड आला नाही.

वाटलं, माझीच पापणी मिटली. परत दाबलं. खट्. काळोख. वेग कमी केला, वाढवला, अगदी एक सेकंदावर आणून पाहिला. आवाज दर वेळी नेहमीसारखा, आणि आत काहीच नाही. वरच्या काचेत मात्र खिडकी, पडदा, समोरच्या बाईची वाळत घातलेली शाल, सगळं लख्ख दिसत होतं. किती वेळा दाबलं कुणास ठाऊक. मग मी खाली फरशीवर बसले ती दुकानाची घंटा वाजली तरी उठले नाही.

काल ओरुरोला म्हाताऱ्या इलारिओनकडे गेले. तो घड्याळं दुरुस्त करतो, शटरही करतो. त्याने पुढची कडी काढली, भिंग बाजूला ठेवलं आणि आत बघून हसायलाच लागला.

"काय गं दामियाना, फोटो काढतेस की तळतेस?"

"म्हणजे काय?"

"तेल गं! शटरची पाती तेलाने चिकटून बसलीत एकमेकांना. ही कोरडी लागतात, ठणठणीत कोरडी. कुठल्या गाढवाने घातलं?"

"माहीत नाही. जुनाच घेतला होता."

त्याने बोट पुसून नाकाशी नेलं. "शिवणयंत्राचं तेल आहे. घातल्या घातल्या मस्त चालतं, म्हणून शहाणे खूश होतात. मग तो थेंब हळूहळू सरकत पात्यांवर जातो. थंडी पडली की झालं! चाप सुटतो, आवाज होतो, पाती जागची हलत नाहीत."

निका, ते गाढव मी. त्या मे महिन्यात हिवाळा लागला तसं थंडीने शटर रेंगाळायला लागलं होतं. मी आईच्या शिवणयंत्राच्या बाटलीतले दोन थेंब काडीने आत सोडले. मस्त चाललं. मी खूश झाले.

तीन आठवड्यांनी फेलिसा गेली आणि तुझ्या घरी तो दिवस आला. फेलिसाला पांढरा झगा, पाठीला कागदाचे पंख. मीच सगळ्यांना सांगत होते, रडू नका, पंख भिजले तर ती वर कशी जाईल. उजेडासाठी दारं-खिडक्या सताड उघडायला लावल्या. बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता. मी बारा फोटो काढले. प्रत्येक खट्‌ला तू मान हलवत होतीस, एकेक फोटो पदरात पडल्यासारखी.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी दोन पत्रं फाडली.

तो रोल प्लासिदोने माझ्याकडून मागून घेतला. तीन दिवस कोटाच्या खिशात, मुठीत धरून फिरला, मग माझ्या दुकानात आणून दिला. मी फिल्म धुतली. तिच्यावर काही नव्हतं. आणि मी तुला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याने उघडला असणार. बघावंसं वाटलं असेल. उजेड लागला, सगळं गेलं."

उजेड लागलेली फिल्म काळी होते निका, कोळशासारखी. ही काचेसारखी पारदर्शक होती. कडेचे कंपनीचे आकडे तेवढे स्वच्छ उमटले होते. या फिल्मला उजेड कधी लागलाच नव्हता. ती धुऊन वर उचलली त्या क्षणीच मला हे कळलं. का लागला नाही ते कळलं नाही, पण चूक प्लासिदोची नाही एवढं कळलं. कॅमेरा तेव्हाच तपासायचा, दोन मिनिटांचं काम. मी पेटीला कुलूप लावलं. तू फिल्म बघायला मागितलीस तेव्हा म्हटलं, जाळली.

तो म्हणाला होता, "ताई, मी नाही उघडला." मग खिसा चाचपत, "खिशात रोलची पट्टी सैल झाली असेल. माझ्याच हातून झालं असेल." मी त्याला तसं म्हणू दिलं.

तेवढ्यावरही थांबले नाही. त्याच वर्षी एक नोव्हेंबरला, गेलेले जीव जेवायला घरी येतात म्हणून मांडलेल्या मेजावर, फोटोच्या जागी पावाची बाहुली ठेवलीस. तिला बसवलेल्या मातीच्या चेहऱ्यावर प्लासिदोने लाल ठिपका रंगवला, डाव्या भुवईवर, फेलिसाच्या जन्मापासूनच्या डागाचा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "उजव्या! बापाला लेकीचा चेहरासुद्धा आठवेना." तू गोंधळलीस आणि म्हणालीस, "ताईने काचेतून नीट पाहिलंय." त्याने अंगठ्याने ठिपका पुसला आणि बाहेर गेला. आठवड्याच्या आत तू त्याला सोडून कोचाबाम्बाला निघालीस. गेल्या वर्षी तुझं पत्र आलं, डोळे मिटले की डाग कधी इकडे दिसतो, कधी तिकडे. मी उत्तरात हवापाणी लिहिलं.

काल संध्याकाळी इलारिओनकडून परत आल्यावर कॅमेरा माझ्याच चहाच्या कपासमोर धरून वरच्या काचेत पाहिलं. कपाचा कान उजवीकडे होता. काचेत डावीकडे. वरच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, आरशासारखं, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतेय, "जरा डावीकडे सरका, नाही, तुमच्या डावीकडे." आणि फेलिसाला मी त्या सकाळी काचेतच पाहिलं, पूर्ण वेळ. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर मीच पहिली रडले असते.

डाग डाव्या भुवईवर होता. मसुराएवढा, खालच्या बाजूला जरा फिका. प्लासिदोने तिला चार महिने मांडीवर घेऊन पाहिलं होतं. त्याचं बरोबर होतं.

फिल्म मी जाळली नव्हती. अर्धी या पत्रात घातली आहे. खिडकीपाशी उजेडात धरून बघ, काळी आहे का ते. उरलेली अर्धी घेऊन शनिवारी उयुनीला जातेय. प्लासिदो तिथे रेल्वेच्या गोदामात आहे असं कळलं. हे सगळं त्याला तोंडावर सांगणार आहे, त्याने दार लावलं तर दाराबाहेरून.

नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी बाराला फेलिसा येईल. तिसरं वर्ष, मेज मांडायचं शेवटचं. बाहुलीचा चेहरा त्याला रंगवू दे. तो येईल की नाही मला माहीत नाही, पण बोलवायचं तुलाच लागेल. मला बोलावू नकोस. तिच्यासाठी पाव मी इथेच भाजेन.

तुझी
दामियाना

(आधी सवयीने 'ताई' लिहिलं होतं, ते खोडलं. तुला वाटलं तर तूच परत लिही.)