दुसऱ्या परिच्छेदातलं मरण

आत्या,

हे तुला पाठवणार नाही, नाहीतर तू हेही सुधारून परत पाठवशील.

विद्यापीठाच्या अर्जासोबतचा माझा निबंध तुला नुसता तपासायला दिला होता. "थोडं दुःख घातलंय, त्याशिवाय कोणी विचारत नाही," म्हणालीस. आज आजोबांनी हौसेनं वाचायला लावला, म्हणून मी मोठ्यानं वाचत गेले. दुसऱ्याच परिच्छेदात तू त्यांना मारून टाकलं होतंस. स्वतःच्या बापाला, आत्या. म्हणे त्यांच्या मरणामुळे मला डॉक्टर व्हावंसं वाटलं.

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मी गेल्यावर तरी तुझी आत्या घरी येते का गं त्यात?"

मी हो म्हणाले. खोटं घालायला तुझ्याकडूनच शिकले.

तुझी भाची