ज्यूनिपरला दिलेला हुकूम

९ मे १९२९
लायनेल काल सभेत पुन्हा गप्प! समोर अख्खा गाव, आणि आमचे मेजरसाहेब कागदाकडे बघत घाम पुसतायत. घोडदळात शेकडो माणसं ज्याच्या आवाजावर हलायची, त्याची बोबडी वळली. पलटण सुटल्यापासून नुसता बागेत फेऱ्या मारतो. ही निवडणूक हरला तर पुन्हा तेच. मला नाही बघवणार.

१२ मे
हेस्टर – वय अकरा, जीभ चाळिशीची – चहा पिताना म्हणते, "बाबा घोडीवर बसले की किती छान बोलतात. तिथूनच बोलू दे की!" पक्षाचे कारभारी प्रुएट हसले. मी नाही हसले.

१४ मे
ज्यूनिपरवर बसून बाजारचौकात भाषण. कागद नाही, घाम नाही. खणखणीत! घरी येऊन दोनदा पुडिंग मागून घेतलं.

१८ मे
आज भाषण रंगलं. शेवटी हात वर गेला, आवाज चढला – "तर मंडळी, पुढे!"
ज्यूनिपर पलटणीत वाढलेली. तिनं हुकूम पाळला. कोबीच्या पाट्या, मासळीची हातगाडी, प्रुएटची नवी हॅट, सगळं तुडवत थेट चर्चच्या भिंतीपर्यंत. घोडी भिंतीपलीकडे, नवरा अलीकडे. खांद्याचं हाड मोडलं.
त्याला डॉक्टरांकडे नेलं, तरी लोक हलेनात. "बाई, तुम्ही काहीतरी बोला," प्रुएट काकुळतीला आले. चढले एका पालथ्या पाटीवर. म्हटलं, "मेजर पुढे गेलेत, मी मागून येतेय." हशा पिकला. मग दुधाचा भाव, शाळेचं गळकं छप्पर – जे रोज घरात बोलते तेच बोलले.

१९ मे
डॉक्टर म्हणतात, त्यानं अंथरुणातून उठायचं नाही. उरलेल्या सभा माझ्या गळ्यात. परत आले की लायनेल उशीला टेकून विचारतो, "हसले का गं?"

३१ मे
हरलो. थोडक्यात. हात झोळीत अडकवून लायनेलच्या सकाळपासून बागेत फेऱ्या. पडद्याआडून बघत होते, रडू आवरेना.

९ जून
पक्षाची मंडळी आली. लायनेलनं मुद्दाम चांगला कोट घातला होता. पुढच्या खेपेला उभं राहाल का, असं विचारलं – मला. मी लायनेलकडे पाहिलं. तोच म्हणाला, "राहील ती. फक्त घोडीवर बसवायची नाही." तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसलाय, कुठल्या गावाला आधी जायचं ते ठरवतोय. शीळ घालतोय. बागेत आज गेलाच नाही.