दोन फाटकं आणि एक स्वेटर

मेजर थोर्नहिल यांस,

आज सामन्यात तुम्ही हौशी खेळाडूंच्या मधल्या फाटकातून मैदानात उतरलात आणि माझे बाबा, पगारी गोलंदाज म्हणून, कडेच्या फाटकातून. इटलीच्या आघाडीवरून तुम्हीच लिहिलं होतंत, "युद्ध संपलं की सगळे एकाच फाटकातून जाऊ." घरातली पहिली पदवीधर मी, पण त्या वाक्यावर भाबडेपणानं विसंबले.

ऊन चढल्यावर तुम्ही स्वेटर काढून सीमारेषेपाशी बसलेल्या मिस सिसिलीकडे दिलात. तिनं तो खांद्यांवर घेतला. तुम्ही तिकडे बर्फात गारठत होतात, तेव्हा तो मी विणून पाठवला होता.

मी खेळाडूंचा चहा ओतत होते. आई ओरडली, "अगं बी.ए.बाई, कप भरलाय, आता टेबल भरतेयस!"

"मला त्या फाटकांचा संताप आलाय."

"फाटकांचा? मग तिच्या खांद्यांकडे काय बघतेस?"

बाबांसाठी मी क्लबाशी भांडेनच. पण हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं सांगते. तुम्ही बाबांबरोबर कडेच्या फाटकातून आला असतात आणि स्वेटर तिलाच दिला असतात, तरी मी इतकीच जळले असते.

त्या स्वेटरची लोकर गरम पाण्यात आटते. मिस सिसिलीला कुणी सांगू नये.

नोरा पेटिफर