डोंगरावर कशाला आलाव?

रवि., ६ जुलै
पहाटे मानवतहून फटफटीवर निघालो, मी आणि सुनीता. राणीसावरगावच्या पुढे बांधाला गाडी लावून टेकडी चढलो. मला पाऊण तास, सु.ला पाच मिनिटं जास्त. वर देवीचं ठाणं, शेंदूर, भन्नाट वारा. दशम्या आणि ठेचा खाल्ला.

दवाखाना सोडल्यापासूनचा हा सहावा रविवार. त्याआधी रविवार म्हणजे नांदेड, नंबर लावणं, डॉक्टरच्या दारात बसणं. लग्नाला नऊ वर्षं झाली. शेवटी मीच म्हणालो, आता पुरे. ती 'बरं' म्हणाली. विषय संपला. डोंगराची कल्पनाही माझीच.

उतरताना एक शेळ्यावाला भेटला. "डोंगरावर कशाला आलाव?"
"फिरायला."
"फिरायला? हितं?" भल्या माणसाला काही केल्या पटेना.

रवि., १३ जुलै
चारठाण्याच्या पुढच्या डोंगरात धबधबा आहे म्हणे. वाटेत एकाला विचारलं. "हे काय, हितंच. बिडी संपंपर्यंत पोचताव." ती बिडी दीड तास चालली. पाय बोलायला लागले.

पाणी दोन पुरुष उंचीवरून पडतं, फार नाही. पण सु. सरळ धारेखाली जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं हसली. असं हसणं घरात कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं.

परतताना शेतातल्या एका बाईनं विचारलं, "नवसाला आलाव का?" इकडे नवराबायको जोडीनं डोंगर चढले म्हणजे नवसच. मी तिला चालण्याचे फायदे, मोकळी हवा वगैरे सांगायला लागलो. सु. म्हणाली, "अहो, रविवारी तरी मास्तरकी नको."

रवि., २७ जुलै
मागचा रविवार पावसानं खाल्ला. आज परत राणीसावरगावची टेकडी. ठाण्यापाशी एक म्हातारी झाडत होती. तोच प्रश्न, "नवसाला का?" मी तोंड उघडायच्या आत सु. म्हणाली, "व्हय."

म्हातारीनं हातातला झाडू टाकला. स्वतःच्या पिशवीतले गहू आणि देवीपुढचा नारळ घेऊन सु.ची ओटी भरली. "पाळणा बांधायला जोडीनं याव, बाई." सु.नं पदर पसरून घेतली, वाकून पाया पडली. मी बाजूला बूट झटकत उभा.

गाडीवर विचारलं, "म्हातारीला कशाला खोटं सांगितलंस?"
"खोटं न्हाई सांगितलं."


सोम., २८ जुलै
ओटीचे गहू तिनं वेगळ्या डब्यात ठेवलेत. मला जाम राग आलाय. माझ्याबरोबर फिरायला आल्यासारखं करून ही देवदेव करत होती! बंद करायचं ठरलं होतं ना?

रात्रीच्या जेवणाआधी हे परत वाचलं. 'ठरलं होतं' खरं नाही. मी ठरवलं होतं. तिला काय वाटतं ते विचारलंच नव्हतं.

शुक्र., १ ऑगस्ट
शाळेत पोरांवर उगाच ओरडलो. घरी मोजकं बोलणं. भाजीत मीठ आहे का, एवढंच.

रवि., ३ ऑगस्ट
आज जायचं नाही म्हणालो. ती पाण्याच्या बाटल्या भरत म्हणाली, "तुमी राहा. मी एष्टीनं जाते." मग गाडी काढली.

टेकडीवर ठाण्यापाशी कुणी नव्हतं. तिनं हात जोडले, मी शेजारी बसलो. स्पष्टच विचारलं, "कधीपासून नवस करायलीस?"
"पहिल्या डोंगरापासून."
"मुलासाठी? दवाखाना सोडल्यावर?"
"न्हाई हो. मूल किती मागायचं. कुणाचं लेकरू दिसलं की पोटात तुटतंय. एवढं मनातून जाऊ दे म्हणलं. दुसरं काहीच न्हाई मागितलं."

हे असलं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली. म्हणालो, "मग? गेलं का?"
"अजून न्हाई." मग माझ्याकडे वळून, "आन् तुमचं?"

माझं. नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आई नाही, डॉक्टर नाही, मी स्वतःही नाही. ऊन फार झालंय, निघू या, असं काहीतरी बोललो.

आलो, अंघोळ केली, जेवलो. तिनं परत विचारलेलं नाही. मी अजून सांगितलेलं नाही.