एका मिनिटाची शांतता

सोमवार, ३

नव्या कामाचा पहिला दिवस चांगला गेला, म्हणून वही उघडली. खोली कारखान्यापासून सात मिनिटांवर आहे. जिना स्वच्छ, नळाला पाणी, खिडकी उजेडाची. मुख्य म्हणजे इथे मला कोणी ओळखत नाही. ताईला जाऊन दोन महिने झाले. तिकडे भेटेल तो चेहरा पाडून सांगायचा की एका क्षणात गेली, त्रास झाला नाही, नशीबवान. इथे मालकांनी फक्त विचारलं की हात थरथरत नाहीत ना. नाही म्हटलं. लगेच कामाला बसवलं. फार बरं वाटलं.

चित्रीकरणासाठी भाड्याने जाणारे लांब नळीचे मायक्रोफोन इथे तयार होऊन बाहेर पडतात. नळीचं तोंड जिकडे, तिकडचाच आवाज हा घेतो, बाकीचा गाळतो. वारा आत शिरू नये म्हणून त्याच्यावर फोम चढवायचा. धरणाऱ्याच्या हाताचे धक्के लागू नयेत म्हणून त्याला रबराच्या झोळीत टांगायचं. एवढंच काम.

मंगळवार, ४

शिकवणारी बाई पंचवीस वर्षं हेच करते. मालकांसकट सगळे तिला मावशी म्हणतात. पहिलाच फोम मी जोर लावून ओढला तर म्हणाली, हा काय पायमोजा आहे? हलक्या हाताने पिळत सरकवायचा. नळीच्या बाजूच्या सगळ्या फटी झाकल्या गेल्या पाहिजेत, टोकाशी थोडी पोकळी राहिली पाहिजे. माझ्या दोन फटी उघड्या राहिल्या होत्या. पंखा लावला तर हेडफोनमध्ये नुसता गडगडाट.

मग केबल चुकली. झोळी कितीही मऊ असली तरी केबल ताणलेली असेल तर धक्का तिच्यातून आत जातो. तिला सैल वळसा द्यावा लागतो. मावशी म्हणाली, केबलही तुझ्या मानेसारखी ताठ ठेवलीस की.

शेवटी काचेच्या बंद खोलीत मायक्रोफोनजवळ एकट्याने बसायचं आणि मिनिटभर शांतता ऐकायची. त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मायक्रोफोनबरोबर गिऱ्हाइकाला जातं. मावशी याला श्रद्धांजली म्हणते. दिवसाला पंधरा जणांना वाहते म्हणे, आणि एकाच्याही घरून चहा नाही. मी हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदाच असेन.

शुक्रवार, ७

आज अकरा झाले, एकही परत आला नाही. मावशीने तपासून नुसती मान हलवली. तिच्याकडून एवढंही पुष्कळ आहे, असं शेजारच्या टेबलावरचा सोल्डरिंगवाला म्हणाला. डबा त्याच्याबरोबर खाल्ला. घरी कोण कोण, असं त्याने विचारलं. कोणी नाही म्हटलं. त्याने डब्यातलं लोणचं पुढे सरकवलं.

सोमवार, १०

दुपारी तपासणीत कोणीतरी श्वास घेतल्यासारखं ऐकू आलं. माझाच असेल म्हणून दम रोखून धरला. तरी येत राहिला. मावशीला बोलावलं. तिने मायक्रोफोनचं तोंड दाराकडे करून ऐकलं आणि स्वच्छ आहे म्हणाली. वर, नवीन माणसाला पहिले आठ दिवस स्वतःचं पोटही ऐकू येतं, असंही म्हणाली.

ती गेल्यावर मी मायक्रोफोन हळूहळू फिरवला. दाराकडे काही नाही. काचेकडे नाही, छताकडे नाही. माझ्याकडे वळवला की येतो.

छातीच्या उंचीवर सगळ्यात स्पष्ट.

बुधवार, १२

ताईची धाप आहे. शिट्टीसारखी सुरू होते, मध्येच अडकते. तिला दमा होता. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पुढची अठ्ठावीस वर्षं तिने मला सांभाळलं आणि ती धाप मी रोज ऐकली. ओळखण्यात चूक होणार नाही.

फोम जितका नीट बसेल, केबल जितकी सैल, तितकं आणखी ऐकू येतं. आज मुद्दाम दोन फटी उघड्या ठेवल्या. पंख्याच्या गडगडाटात जरा सुटल्यासारखं वाटलं. मावशीने पकडलं. इतक्या दिवसांनी पुन्हा तीच चूक, लाज वाटू दे, म्हणाली. पुन्हा बसवायला लावलं.

नीट बसवला.

शुक्रवार, १४

आता प्रत्येक मायक्रोफोन माझ्याकडेच वळवून ऐकतो. रोज थोडं पुढे जातं. आज तिने मला हाक मारली. छोट्या. तीनदा.

तिकडे सगळ्यांना मी सांगितलं होतं की ती गेली तेव्हा मी बाहेर गेलो होतो. खरं तर शेजारच्या खोलीत होतो. कानात गाणी होती. त्यामुळे ऐकू आलं नाही, असं मी स्वतःलाही सांगत आलो.

एका क्षणात गेली, हे तरी खरं असू दे. तेवढ्यासाठी ऐकतो आहे.

सोमवार, १७

संपत नाही. एक मिनिट पूर्ण होतं, धाप चालूच असते. पुढच्या मायक्रोफोनवर तिथूनच पुढे.

हाका बावीस.

मंगळवार, १८

एक रेकॉर्डिस्ट तीन मायक्रोफोन घेऊन परत आला. शांततेच्या रेकॉर्डिंगमध्ये बाई धापा टाकते म्हणाला. आत कोणाला घेऊन बसता, असं विचारून हसला. मालक हसले नाहीत. तिन्ही मी बसवलेले. उद्या सकाळी मी आत बसायचं, सगळे बाहेरून ऐकणार.

म्हणजे सगळ्यांना कळेल. हाका, आणि पाचव्या हाकेनंतर मी —

लिहून टाकतो. पाचवी हाक मला ऐकू आली होती. सकाळी आमचं भांडण झालं होतं. बोलवू दे, म्हटलं. गाण्यांचा आवाज वाढवला.

बुधवार, १९

काचेच्या खोलीत आहे. दार बाहेरून लावलंय. मालक म्हणाले, बोलू नकोस, वहीत काहीतरी लिहीत राहा, कागदाचा आवाज आला की मायक्रोफोन चालू आहे हे कळेल. बाहेर रेकॉर्डिस्टसकट चौघे. त्यांनी हेडफोन चढवले. मायक्रोफोन माझ्या छातीवर रोखलेला.

रेकॉर्डिंग सुरू झालं. त्यांचे चेहरे बघतोय. मालकांच्या कपाळाला आठी.

आठी गेली. मान हलवताहेत. काहीच नाही वाटतं. सुटलो.

छातीत शिट्टी वाजते आहे. माझ्या. मला दमा नाही.

श्वास आत जातो, बाहेर येत नाही — हाक मारली. मोठ्याने. काचेपलीकडे आवाजाचा काटा दिसतो. हलला नाही. पुन्हा मारली — काटा शून्यावर — लिहिण्याचाही आवाज जात नाहीये, त्यांच्या लक्षात कसं —

दार धडाधड वाजवलं. सोल्डरिंगवाला डोळे मिटून ऐकतोय. मालकांनी माझ्याकडे न बघताच रेकॉर्डिस्टला अंगठा दाखवला. स्वच्छ. मावशी हसून त्यांना काही सांगते आहे —

खाली बसलो. उठता येत नाही. नऊ हाका झाल्या, अजून —

ताई, एवढा वेळ लागतो का गं याला. सगळे तर म्हणाले एका क्ष