अक्रोडाचा गुण

४ मार्च, सकाळी ७.४०

रंगेहाथ पकडलं! हे गॅलरीत पाठमोरे उभे, आणि अर्धवट चावलेला अक्रोड रुमालात. "काय चाललंय?" तर म्हणे, "कवळी टोचते गं."

बायपासनंतर हृदयाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय — चहाबरोबरची बिस्किटं बंद, त्याऐवजी रोज मूठभर बदाम-अक्रोड. न तळलेले, बिनमिठाचे. त्यातली चरबी हृदयाला बरी. मी निवडून वाटीत काढते, आणि हे रुमालात! निवृत्त होईपर्यंत अख्खं टेलिफोन ऑफिस माझ्या धाकात होतं. हा एक माणूस काही ऐकेल तर शपथ. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात सिस्टर पानात टाकलेलं संध्याकाळी पुन्हा पुढ्यात ठेवायच्या. मीही तेच करणार.

५ मार्च

केलं. एकेक बदाम पाण्याच्या घोटाबरोबर. अर्धा तास! नाटकं नुसती.

११ मार्च

कवळी घासून आणली. "आता टोचायचं कारण नाही, आजी," दातांचा डॉक्टर म्हणाला. आजी असेल तुझी! घरी येऊन वाटी पुढे केली. आता कवळीचं नाव नाही. "भूक नाही."

१५ मार्च

मिक्सरमधून पूड केली, कोमट दुधात घातली. पेला रिकामा होईपर्यंत समोर बसले. मध्येच जोराचा ठसका — डोळ्यांत पाणी. "हळू प्या, कोणी हिसकावून घेत नाहीये." हे हसले. पेला संपवला मात्र!

२३ मार्च

पट्टा दोन भोकं आत! शेजारीण जिन्यात म्हणते, "साहेब फार उतरलेत हो. बरं आहे ना?" तिथल्या तिथे ऐकवलं — बिस्किटं सोडा, अक्रोड धरा, मग बघा चरबी कशी झडते. नाक मुरडलंन, पण किती खायचे ते विचारलंनच. मूठभर म्हटलं. माझी मूठ, तुझी नव्हे.

२ एप्रिल

हृदयाच्या डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी. कोलेस्टेरॉल खाली आलंय. मी ताठ मानेनं म्हटलं, "अक्रोडाचा गुण!" त्यांचं लक्ष यांच्या मनगटाकडे. "अक्रोड हृदयाला चांगलेच, बाई. पण त्यानं इतकं वजन उतरत नाही." मग यांना — "घास अडतो का?"

यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

हिवाळा! आणि मी मार्चभर वाटी घेऊन मागे लागलेली! एक शब्द बोलला असता हा माणूस तर?

६ एप्रिल

घशातून नळी घालून पाहिलं. अन्ननलिकेत गाठ. तुकडा तपासायला गेलाय.

१० एप्रिल

तुकड्याचा रिपोर्ट आला. वाईटच आहे. लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांवर ओरडू नकोस हं." ओरडू नको तर काय करू?

१९ एप्रिल, हॉस्पिटल

यांचा आवाज पुरता गेलाय. गाठ आवाजाच्या नसेवर दाबतेय म्हणे. उद्या सकाळी आठला ऑपरेशनसाठी आत नेणार. बाहेर येतील की नाही, सर्जन शब्द द्यायला तयार नाही. दुपारी विचारलं — माझ्यासमोर बसून इतके महिने एकट्यानं का सोसलंत? कागदावर लिहितात, ‘परत आल्यावर सांगतो.’

चालणार नाही. नवा कागद दिलाय. लेखी उत्तर हवं — सकाळी साडेसातच्या आत.